विधिमंडळातील सत्तांतर (महाराष्ट्र)

विधानसभेतले बहुमत एका पक्षाकडून किंवा आघाडीकडून दुसरीकडे गेले, की सरकार, सभागृह आणि खुद्द पक्ष या तिन्ही ठिकाणी जी उलथापालथ होते तिला सत्तांतर म्हणतात. ते निवडणुकीने होते, तसेच मुदतीच्या मध्यात आमदार फुटूनही होते. महाराष्ट्रात गाजली ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारची. २८८ जणांच्या सभागृहात १४५ जमले की सरकार बसते. मात्र ते टिकते की नाही, हे गटनेता (पक्षाच्या आमदारांचा सभागृहातला नेता) कोण, प्रतोद (आमदारांना पक्षादेश बजावणारा) कोणाचा आणि अध्यक्षांच्या खुर्चीत कोण यावर ठरते.

पहिले मोठे उदाहरण १९७८ चे. शरद पवार वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि १८ जुलैला पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे मुख्यमंत्री झाले. वय ३७. ‘पाठीत खंजीर’ हा वाक्प्रचार तेव्हापासून राज्याच्या राजकारणात मुक्कामालाच आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले. त्या वेळी पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो, म्हणजे संविधानाची दहावी अनुसूची, १९८५ मध्ये आली. एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर त्यांची आमदारकी वाचावी, अशी सोय तिच्यात होती. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकली आणि दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट तेवढी उरली. म्हणूनच अलीकडे ‘आम्ही फुटलो’ असे कोणी म्हणत नाही. मूळ पक्ष आम्हीच, असा दावा होतो.

२०२२ मध्ये या दाव्याची कसोटी लागली. विधान परिषदेचे मतदान २० जूनला आटोपले आणि शिवसेनेचे गटनेते व मंत्री एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतला, तिथून गुवाहाटीला गेले. मुंबईत शिवसेनेने त्यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरी यांना नेमले. तिकडून शिंदे गटाने सुनील प्रभू यांच्या जागी भरत गोगावले प्रतोद असल्याचे कळवले. प्रतोद दोन, म्हणजे पक्षादेशही दोन. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिल्यापासून अध्यक्षपद रिकामेच होते आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ कामकाज पाहत होते. महाविकास आघाडीला (शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या तेव्हाच्या सरकारला) ही रिकामी खुर्ची फार महागात पडली, असे म्हणावे लागते. राज्यपालांनी ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली नाही आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ जूनच्या रात्री फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी भाजपच्या साथीने शिंदे यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला.

३ जुलैला नरिमन पॉइंटच्या विधानभवनात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. भाजपचे राहुल नार्वेकर यांना १६४, ठाकरे यांच्या बाजूचे राजन साळवी यांना १०७ मते पडली. एकेक सदस्य जागेवर उभा राहून शिरगणती होत होती आणि शिंदे गटाचे सदस्य उठताच विरोधी बाकांवरून ‘ईडी, ईडी’चा (सक्तवसुली संचालनालय या केंद्रीय तपास यंत्रणेच्या नावाचा) गजर होत होता. हो, हे ईडीचेच सरकार, ई म्हणजे एकनाथ आणि डी म्हणजे देवेंद्र, अशा अर्थाचे उत्तर उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी पुढे सभागृहात दिले. शिवसेना विधिमंडळ पक्षाच्या कार्यालयाच्या दारावर त्या दिवशी कागद डकवला होता: पक्षाच्या निर्देशावरून कार्यालय बंद. त्याच रात्री नव्या अध्यक्षांनी शिंदे यांना गटनेता आणि गोगावले यांना प्रतोद म्हणून मान्यता दिली. ४ जुलैच्या विश्वासदर्शक ठरावाला पुन्हा १६४ मते पडली. विरोधातली मते मात्र ९९ वर आली, कारण ठाकरे यांच्या बाजूचे आमदार संतोष बांगर सकाळीच शिंदे गटात गेले आणि काँग्रेसचे काही आमदार पोहोचेपर्यंत सभागृहाची दारे बंद झाली होती.

निकाल नंतर आला. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे. गोगावले यांची नेमणूक बेकायदा आणि बहुमत चाचणी बोलावणेही समर्थनीय नव्हते. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाताच पायउतार झाल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नव्हते. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर सोपवला गेला. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी शिंदे गटालाच खरी शिवसेना ठरवले आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र केला नाही.

विरोधी पक्षनेत्याचे पद हा या इतिहासातला मजेशीर भाग. नारायण राणे २००५ मध्ये त्या पदावरून काँग्रेसमध्ये गेले आणि महसूलमंत्री झाले. शिंदे २०१४ मध्ये जेमतेम महिनाभर विरोधी पक्षनेते होते. डिसेंबरमध्ये मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये, तर अजित पवार २ जुलै २०२३ रोजी थेट सत्ताधारी बाकांवर. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर तर या पदासाठी रूढ असलेले एक दशांश संख्याबळ विरोधकांतल्या कोणत्याच पक्षाकडे उरले नाही. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे आमदार होते २०.

कारभारात सत्तांतराचे पहिले चिन्ह म्हणजे स्थगिती. आधीच्या सरकारने मंजूर केलेली कामे थांबतात, फायली मंत्रालयात फेरतपासणीला जातात. थांबवणाऱ्याला ‘स्थगिती सरकार’ म्हणून हिणवणारेही पुढे तेच करतात. मुंबईने हे मेट्रो-३ च्या कारशेडवर पाहिले. फडणवीस सरकारने आरे ठरवले, ठाकरे सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये ते कांजूरमार्गला हलवले, शिंदे सरकारने येताक्षणी पुन्हा आरे केले. महापालिकेचे प्रभागही तसेच: २२७ चे २३६ झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परतली.

विधानभवनातला वाद गल्लीपर्यंत उतरतो, शाखांच्या मालकीवरूनही हमरीतुमरी होते. डिसेंबर २०२२ मध्ये शिंदे गटाचे लोक महापालिका मुख्यालयातल्या शिवसेना कार्यालयात शिरले आणि दोन्ही गट समोरासमोर आले. नगरसेवकांची मुदत मार्चमध्येच संपली होती, कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासनाने तिथल्या सगळ्याच पक्षांच्या कार्यालयांना सील ठोकले.