फॉल्टमधला चिखल

मुंबईत सध्या कुठेही टॉवरचं नाहीतर मेट्रोचं पायलिंग चालू असलं की गेटसमोर तो राखाडी बुळबुळीत चिखल सांडलेला असतोच, पहिल्या पावसात तिथून बाईक काढलेल्या कोणालाही विचारा. बेंटोनाईट ते. बोअरच्या बाजू ढासळू नयेत म्हणून पाण्यात कालवून आत भरतात. त्यातलं मुख्य खनिज स्मेक्टाईट, आणि मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात फुगते ती पण याच्यामुळेच. तर हेच खनिज भूकंपाच्या फॉल्टमध्येही, म्हणजे ज्या तड्यावर दोन बाजूचे खडक एकमेकांवर सरकतात तिथेही, सापडतं आणि तिथे जाम गोंधळ घालतं.

फॉल्ट म्हणजे काही रिकामी फट नसते. दोन्ही बाजूचे खडक घासून घासून मधे भुगा झालेला असतो, त्यात पाणी मुरतं आणि हळूहळू त्याची क्ले, म्हणजे चिकणमाती, बनते. आता बायर्ली नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवलं की ग्रॅनाईट घ्या नाहीतर चुनखडी, बहुतेक खडकांचा घर्षणांक (जितका कमी तितकं घसरडं) ०.६ ते ०.८५ च्या आसपासच येतो, पण क्ले हा नियम पाळत नाही. ओलं स्मेक्टाईट पार ०.१-०.२ पर्यंत खाली येतं, कारण त्याचे कण चपटे, पापुद्र्यांचे, आणि पापुद्र्यांच्या मधेसुद्धा पाणी.

मग जिथे क्ले तिथे भूकंप जास्त? तसं नाहीये. मोठा भूकंप व्हायला फॉल्ट आधी घट्ट अडकायला लागतो, ताण साठायला लागतो, आणि एकदा सुटला की वेगाबरोबर घर्षण कमी व्हायला लागतं. क्लेचं सहसा उलटं, वेग जरा वाढला की ती जास्त अडवते, त्यामुळे फॉल्ट गुपचूप सरकत राहतो. कॅलिफोर्नियात पार्कफील्डजवळ सॅन अँड्रियास फॉल्टमध्ये जवळपास ३ किलोमीटर खोल बोअर मारला तर आतला स्टीलचा केसिंग पाईप सरकणाऱ्या फॉल्टने चक्क वाकवला, आणि त्याच पट्ट्यात मिळालं सॅपोनाईट, स्मेक्टाईटचंच भावंड.

इथपर्यंत क्ले गुणी वाटते, पण जपानने हे चित्र उलटं केलं. ११ मार्च २०११ च्या भूकंपात समुद्राच्या तळाशी, खंदकाजवळ, फॉल्ट सुमारे ५० मीटर सरकला, त्यामुळेच त्सुनामी एवढी भयानक झाली. पुढच्या वर्षी चिक्यू जहाजाने जवळपास ७ किलोमीटर पाण्याखाली ड्रिलिंग केलं तर फॉल्टचा थर ५ मीटरपेक्षा कमी जाड आणि त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त स्मेक्टाईट! बोअरमध्ये थर्मामीटर काही महिने ठेवून बघितलं, एवढी प्रचंड घसर होऊनही जादा उष्णता उरली होती फक्त ०.३१ अंश, म्हणजे सरकताना घर्षण ०.१ च्याही खाली असणार. मला विचाराल तर या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात भारी मोजमाप आहे.

एवढं कमी कसं? तर पाण्यामुळे. क्लेमधून पाणी सहजासहजी निघत नाही, खूप वेगात घसरलं की ते तापतं, फुगायला बघतं आणि जायला जागा नसल्याने आतला दाब वाढतो. तो दाब वरच्या खडकाचं ओझं काही प्रमाणात स्वतःच पेलतो, मग दोन बाजू एकमेकींवर तेवढ्या जोरात दाबल्या जात नाहीत. खोल गेल्यावर अजून एक भानगड, साधारण ६० ते १५० अंशांच्या दरम्यान स्मेक्टाईटचं इलाईट नावाचं दुसरं क्ले खनिज होतं आणि पापुद्र्यांमधलं पाणी बाहेर पडतं. इलाईट स्वतः कमी घसरडं, पण सुटलेलं पाणी कोंडलं तर दाब वाढणार तो वाढणारच.

आपल्याकडे कोयनेच्या भूकंपाबद्दल लोक बिनधास्त सांगतात की धरणाचं पाणी मुरलं आणि खडक निसरडे झाले. तसं नाही हो. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ चा धक्का मुंबईतही जाणवला होता, पण तिथे बेसॉल्टच्या खाली ग्रॅनाईट आहे आणि ग्रॅनाईट ओला झाला म्हणून त्याचं घर्षण क्लेसारखं कोसळत नाही. पाण्याचं मुख्य काम तिथेही दाबाचंच, आणि हा दाब जलाशयाची पातळी वर-खाली झाली की भेगांमधून खोलवर पोचायला वेळ घेतो, म्हणूनच कोयनेत गोठणे गावाजवळ ३ किलोमीटरचा बोअर मारून थेट आत जाऊन बघायचा खटाटोप केलाय.