पॅलिसेड्स

अमेरिकेतील हडसन नदीच्या पश्चिम काठाने न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क राज्यांत गेलेली, माथ्यावर दाट पानझडी जंगल असलेली कड्यांची रांग. समोरच्या तीरावर मॅनहॅटन आहे. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी वाळूखडकाच्या थरांत घुसलेला शिलारस जमिनीखालीच निवाला आणि आकसताना उभा तडकला. त्यातून डोलेराइट या कठीण, गडद खडकाचे हे उंच खांब झाले. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिललाही असेच खांब आहेत, पण तो दगड बेसाल्टचा.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, नोव्हेंबर १७७६ मध्ये, ब्रिटिश फौज रात्रीतून नदी ओलांडून हा कडा चढली आणि वॉशिंग्टनच्या सैन्याला माथ्यावरचा फोर्ट ली हा किल्ला सोडून पळ काढावा लागला. या फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस पुढे मराठ्यांना सोबत घेऊन टिपूशी लढला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढत्या न्यूयॉर्कला रस्त्यांसाठी व काँक्रीटसाठी खडी हवी होती. दगड नदीकाठीच, वाहतूक होडीने. त्यामुळे सुरुंगांनी कडाच उडवला जाऊ लागला. न्यू जर्सीतील महिला मंडळांच्या महासंघाने त्याविरुद्ध आवाज उठवला. १९०० मध्ये दोन्ही राज्यांनी मिळून उद्यान आयोग नेमला खरा, पण त्याच्या हाती पैसा जुजबीच ठेवला: न्यूयॉर्कचे १०,००० डॉलर, न्यू जर्सीचे ५,०००. अखेर बँकर जे. पी. मॉर्गन यांनी सुमारे सव्वा लाख डॉलर दिले, आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी मोठ्या खाणीतले सुरुंग थांबले. कडा कायद्याने वाचला असे म्हणण्यापेक्षा तो विकत घेऊन वाचवला, हे म्हणणे अधिक खरे.

पायथ्याच्या कोळ्यांच्या व खाणकामगारांच्या वस्त्या मात्र उद्यानासाठी उठल्या. माथ्यावर धनिकांचे बंगले होते. ती जमीन जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी खरेदी करून १९३३ मध्ये आयोगाला दिली. बंगले पाडले गेले. आज ओक वृक्षांच्या गर्दीत त्यांचे दगडी चौथरे आणि कुठेही न जाणाऱ्या पायऱ्या दिसतात. म्हणजे हे जंगल आदिम नव्हे. त्याआधीही आगबोटींच्या जळणासाठी इथली झाडे तोडून ओंडके कड्यावरून खाली लोटले जात.

उद्यानाच्या हद्दीबाहेरची जमीन मात्र संरक्षणाविनाच राहिली. एलजी कंपनीने तिथे सुमारे १४३ फूट उंच कार्यालय बांधायचे ठरवले, तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर इमारत डोकावेल म्हणून मोठा वाद झाला. २०१५ च्या तडजोडीत उंची ७० फुटांच्या आत आणण्यात आली.