‘सेट’मधला हरवलेला ‘य’

‘सेट’ या एका इंग्रजी शब्दाचे ४३० अर्थ आहेत, ही माहिती दर काही महिन्यांनी नव्या आश्चर्यचिन्हांसह फिरू लागते. आकडा खोटा नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती आणि तिच्यात ४३० अर्थ वेगळे काढले होते. या आकड्यावरून कोणी इंग्रजीच्या श्रीमंतीला दाद देतं, तर कोणी तिच्या गबाळेपणाला हसतं. दोन्ही प्रतिक्रिया अस्थानी आहेत.

कारण अर्थ हे मोजून ठेवलेले नसतात. ते कोशकार पाडतो. ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक आहे, त्यामुळे कित्येक शतकांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही त्याच्या मोजणीत येतात. ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’, ‘सेट इन’ अशा जोड्या आणि त्यांचे पोटअर्थही त्याच नोंदीत जमा होतात. हाच शब्द एखाद्या विद्यार्थी-कोशात पाहिला, तर अर्थांची संख्या कितीतरी खाली येते. पुढे २०११ मध्ये ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली गेली तेव्हा ६४५ अर्थ निघाले आणि ‘सेट’ मागे पडला. त्या एका नोंदीवर एक संपादक नऊ महिने काम करत होता.

शिवाय भरपूर अर्थ असणं ही कुठल्याही भाषेत नेहमीच्या शब्दांची रीतच आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकी अभ्यासकाने १९४५ साली दाखवून दिलं, की शब्दाच्या अर्थांची संख्या साधारणपणे त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शंभरपट जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दाला ढोबळमानाने दहापट अर्थ. आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, नाद लागतो. यात आपल्याला काही नवल वाटत नाही, कारण कोणी मोजून सांगितलेलं नाही.

खरा मजेचा प्रश्न वेगळा आहे: ‘सेट’ हा एकच शब्द आहे का?

तो एक नाही. ‘ठेवणे, बसवणे’ या अर्थाचं क्रियापद अस्सल जर्मानिक (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या त्या कुळाचं) आहे, तर ‘समूह, संच’ या अर्थाचं नाम फ्रेंचमधून आलं. जुन्या फ्रेंचमध्ये ते ‘सेत’ होतं आणि त्याच्यामागे लॅटिनमधला ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायांचा गट. ‘सेक्ता’ आला ‘सेक्वी’ म्हणजे मागे जाणे, अनुसरणे यावरून. इंग्रजीतले सेक्ट, सीक्वेन्स, सूट हे याच घरचे. मूळ इंडो-युरोपीय (म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या सामाईक पूर्वज भाषेतला) धातू ‘सेक्व्’. संस्कृतात त्याचं रूप ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, आणि त्यावरून ‘सचिव’. सचिव म्हणजे मुळात सोबती. तेव्हा संचवाचक ‘सेट’ हा सचिवाचा दूरचा नातेवाईक ठरतो. क्रियापद ‘सेट’चं गोत्र निराळंच आहे. पुढे इंग्रजीत दोघांचा उच्चार एक झाला, नामावर क्रियापदाची छाया पडली आणि आज काही अर्थांबाबत कुठला प्रवाह कुठला हे सांगणं जड जातं.

आता क्रियापदाकडे वळू, कारण सगळी गंमत तिथे आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. एक मूळ क्रियापद आणि दुसरं त्याचं प्रयोजक रूप. मराठीत आपण ‘-व’ लावतो. इंग्रजीत मात्र फक्त स्वर बदललेला दिसतो. हा स्वर कोणी बदलला?

मूळ धातू ‘सेद्’, बसणे. इंडो-युरोपीय भाषेत प्रयोजक करायचं तर दोन गोष्टी करत: धातूतल्या ‘ए’चा ‘ओ’ करायचा आणि पुढे ‘एये’ हा प्रत्यय लावायचा. तयार झालं ‘सोद्-एये-’, बसायला लावणे. जर्मानिक शाखेत दोन नियमित बदल झाले. ‘द’चा ‘ट’ झाला. संस्कृत दश, दंत, द्वि यांच्यासमोर इंग्रजी टेन, टूथ, टू उभे राहतात तो हाच नियम, याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला. आणि ‘ओ’चा ‘अ’ झाला. प्रत्यय आक्रसून नुसता ‘य’ उरला. हाती आलं ‘सट्यन’. हे रूप कल्पनेतलं नाही. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचं गॉथिक भाषेत भाषांतर केलं, त्या भाषेत हा शब्द ‘सट्यन’ असाच सापडतो: स्वर अजून ‘अ’, आणि ‘य’ जागेवर.

यानंतर त्या ‘य’ने दोन कामं केली. पहिलं, आपल्या आधीचं व्यंजन दुप्पट केलं: ‘सट्ट्यन’. हे फक्त पश्चिम जर्मानिक भाषांत घडलं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. ‘अ’ उच्चारताना जीभ खाली असते. ‘य’साठी तिचा मधला भाग उचलून टाळूजवळ न्यावा लागतो. बोलणारा पुढचा ध्वनी आधीच गृहीत धरतो, त्यामुळे ‘अ’ म्हणतानाच जीभ वर-पुढे सरकू लागते आणि ‘अ’ ‘ए’कडे झुकतो. पिढ्यान्‌पिढ्या हे होत राहिलं आणि सहाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीच्या पूर्वरूपात ‘ए’ पक्का झाला: ‘सेट्ट्यन’. या बदलाला उमलाउट म्हणतात. आपल्या गुणसंधीशी त्याची गल्लत करू नये. तिथे अ आणि इ एकमेकांना भिडून एक होतात. इथे मध्ये अख्खं जोडव्यंजन आहे आणि परिणाम त्याच्यावरून उडी मारून मागच्या स्वरावर होतो.

आणि मग काम उरकून ‘य’ स्वतः गळून गेला, कारण जड (दीर्घ स्वराच्या किंवा पुढे जोडव्यंजन असलेल्या) अक्षरानंतरचा ‘य’ जुन्या इंग्रजीत टिकत नसे. उरलं ‘सेट्टन’. कारण नाहीसं झालं, परिणाम राहिला, म्हणून आजच्या वाचकाला सिट-सेट ही जोडी मनमानी वाटते. भावंडं मात्र साक्ष देतात. आइसलँडिकमध्ये हे क्रियापद आजही ‘सेत्या’ आहे: ‘य’ शाबूत, स्वर बदललेला, व्यंजन एकेरी. जर्मनमध्ये ‘झेत्सन’, कारण तिथे दुहेरी ‘ट’चा पुढे ‘त्स’ झाला.

याच नियमाने इंग्रजीतल्या कितीतरी जोड्या उलगडतात. फूड–फीड, फुल–फिल, फॉल–फेल म्हणजे पडणे आणि (झाड) पाडणे. फूट–फीट, मॅन–मेन ही अनेकवचनंसुद्धा. तिथे प्रत्ययात ‘य’ऐवजी ‘इ’ होता, एवढाच फरक. जीभ उचलण्याचं काम तेच.

पडणे–पाडणे ही जोडी इथे सहज आलेली नाही. इंडो-युरोपीय ‘ओ’ मोकळ्या (स्वरातच संपणाऱ्या) अक्षरात आला की संस्कृतात त्याचा ‘आ’ होतो (ब्रुगमानचा नियम). म्हणून ‘सोद्-एये-’चं संस्कृत रूप ‘सादयति’, बसवतो. याच साच्यातले मारयति, पातयति, तारयति. आणि त्यांचेच वारसदार मराठीतले मरणे–मारणे, पडणे–पाडणे, तरणे–तारणे. म्हणजे मराठीतला हा ‘आ’ आणि ‘सेट’मधला ‘ए’ एकाच जुन्या युक्तीचे दोन अवशेष आहेत. ‘सद्’चे इतर वंशजही ओळखीचे आहेत. उपनिषदातला ‘षद्’ तोच. ‘नि’ आणि ‘सद्’ मिळून झालेल्या शब्दापासून संस्कृतात नीड, लॅटिनमध्ये नीडुस आणि इंग्रजीत नेस्ट आले. तिन्हींचा अर्थ घरटं.

इथे एक सावधगिरी. हे सगळं वाचून ‘म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच आली’ असं म्हणणाऱ्यांचा उत्साह वाढतो. ‘सेट’ हा ‘सादयति’पासून निघालेला नाही, दोघे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. आणि नातं ठरतं ते दिसण्यावरून नाही, नियमावरून. दिन आणि डे हे शब्द सख्खे वाटतात, पण ‘द’समोर इंग्रजीत ‘ट’ हवा. ‘ड’ आला तिथेच नातं तुटलं. उलट आपला ‘देव’ आणि ज्या दैवताच्या नावावरून ‘ट्यूझडे’ आला तो ‘टिव’ हे दिसायला परके, तरी नियमात चोख बसतात. ‘बसणे’ आणि ‘सिट’ यांचा अर्थ एक; पण बसणे, जुनं बैसणे, आलं उपविश् वरून. आद्याक्षरं जोडून ‘न्यूज’चा उगम चार दिशांत शोधणारी कथा तर या चर्चेच्याही लायकीची नाही; ते ‘न्यू’चं साधं अनेकवचन आहे.

‘सेट’चा भूतकाळही ‘सेट’ का, याचं उत्तरही इथेच मिळतं. जुन्या इंग्रजीत ‘मी बसवतो’ला ‘सेट्टे’ म्हणत. भूतकाळाचा ‘ट/द’वाला प्रत्यय धातूतल्या ‘ट’मध्ये मिसळून गेल्याने ‘मी बसवलं’ही ‘सेट्टे’च. पुढे शेवटचे दुबळे स्वर झडले आणि सगळीकडे एकच रूप राहिलं. ‘शट’चंही असंच झालं.

अर्थांचा पसारा मग ‘बसवणे’पासून फारसा लांब जात नाही. हाड सेट करणे, घड्याळ सेट करणे, छपाईचे खिळे सेट करणे: योग्य जागी बसवणे. सिमेंट सेट होतं ते घट्ट बसतं म्हणून. नाटकाचा सेट म्हणजे रंगमंचावर उभा केलेला देखावा. सूर्याचं ‘सेट’ होणंही बसणंच. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेट्लगांग’ म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणं. रेडिओ सेटमध्ये मात्र सुट्या भागांचा संच आहे, म्हणजे तो फ्रेंचकडचा.

गणितातला ‘सेट’ही फ्रेंचकडचाच, पण तो तिथे उशिरा पोचला. गेओर्ग कँटॉरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संचसिद्धान्त उभारला तेव्हा त्याचा जर्मन शब्द होता ‘मेंगे’. फिलिप जॉर्डेनने १९१५ मध्ये त्याचे लेख इंग्रजीत आणले, तेव्हा त्याने निवडलेला प्रतिशब्द ‘सेट’ नव्हता, ‘ॲग्रिगेट’ होता.