नूतनीकरण आणि सेवा: मुंबईच्या मेथॉडिस्ट मंडळीमागचा इतिहास

प्रादेशिक कॉन्फरन्स जवळ आली की मेथॉडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, दोन शब्द वारंवार कानावर पडतात: नूतनीकरण आणि समाजसेवा. एक समिती उपवास-प्रार्थना, बायबल अभ्यास आणि तरुणांची शिबिरे ठरवते, तर दुसरी आरोग्य तपासणी, शिष्यवृत्त्या आणि वस्तीतले अभ्यासवर्ग ठरवते. मथळे दोन, अंदाजपत्रकेही दोन. ही वाटणी या चळवळीच्या मूळ स्वभावाला धरून नाही. शिवाय मुंबईची मंडळी जशी जन्माला आली ते पाहिले, तर 'हे सगळे कोणाच्या पैशावर' हा तिसरा प्रश्नही पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी रचना थोडक्यात सांगतो. गावोगावच्या मंडळ्या मिळून एक डिस्ट्रिक्ट होतो, त्यावर डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट असतात. असे डिस्ट्रिक्ट मिळून प्रादेशिक कॉन्फरन्स होते. तिथे बिशपांच्या अध्यक्षतेखाली पाळक आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात, कामाचे अहवाल वाचतात, पुढचा आराखडा ठरवतात, आणि पाळकांच्या नेमणुका जाहीर होतात. त्या ऐकताना पाळकांच्या घरच्यांच्या पोटात गोळा येतो, कारण मुलांची शाळा, घर, गाव सगळे त्या एका यादीवर अवलंबून असते.

ही बैठकीची पद्धत चळवळीचे संस्थापक, इंग्लंडचे धर्मोपदेशक खुद्द जॉन वेस्ली यांची. 1744 च्या जून महिन्यात लंडनमध्ये त्यांनी पहिली कॉन्फरन्स बोलावली तेव्हा समोर तीन प्रश्न होते: काय शिकवायचे, कसे शिकवायचे, आणि काय करायचे. तिसरा प्रश्न पहिल्या दोघांच्या पंगतीला बसवला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑक्सफर्डमध्ये वेस्ली आणि त्यांचे सोबती 1730 पासून तुरुंगात कैद्यांना भेटायला जात होते. त्यांच्या काटेकोर दिनक्रमामुळे लोक त्यांना चिडवून 'मेथॉडिस्ट' म्हणू लागले आणि तेच नाव पुढे चिकटले. 1746 मध्ये वेस्लींनी लंडनला गरिबांसाठी मोफत औषधे द्यायला सुरुवात केली आणि त्याच सुमारास छोट्या धंदेवाल्यांसाठी बिनव्याजी उसनवारीचा निधीही उभारला.

पण या सगळ्याची खरी गुरुकिल्ली एका कर्जात आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या मेथॉडिस्ट सभागृहाचे कर्ज डोक्यावर होते. ते कसे फेडायचे यावर 15 फेब्रुवारी 1742 रोजी बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, अनेकांना तेवढेही परवडणार नाही. त्यावर फॉय म्हणाले, सगळ्यात गरीब अशी अकरा माणसे माझ्याकडे द्या. त्यांना जमले तर ती देतील, नाही जमले तर त्यांचेही मी भरीन. मग बाराबारांचे गट झाले आणि प्रत्येक गटाचा एक प्रमुख दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला. पेनी गोळा करता करता त्याला घरातले दिसू लागले: कोण आजारी आहे, कोणाचे नवरा-बायकोचे पटत नाही, कोण दारूत बुडाला आहे. वसुलीसाठी सुरू झालेली फेरी काळजी घेण्याची फेरी झाली. पुढे हे गट एकत्र बसून प्रार्थना करू लागले, एकमेकांना जाब विचारू लागले. यालाच मेथॉडिस्ट लोक 'क्लास' म्हणतात. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला सभासदत्वाचे नवे तिकीट मिळे आणि वागणे सुधारले नाही तर तिकीट मिळत नसे. वर्गणी, भेट, प्रार्थना आणि शिस्त यांची एकच वीण होती. हे मी थोडे लांबवून सांगतो आहे, कारण आज आराखडे करणाऱ्यांना या एका प्रसंगाइतके उपयोगी दुसरे काही सापडेल असे मला वाटत नाही.

अमेरिकन मेथॉडिस्ट भारतात आले 1856 मध्ये. विल्यम बटलर यांनी बरेलीला काम सुरू केले आणि काही महिन्यांतच 1857 चा उठाव झाला. बटलर कुटुंबाला जीव वाचवून नैनितालला जावे लागले. पुढे अवध आणि रोहिलखंडात शाळा, अनाथालये आणि दवाखाने उभे राहिले. या कामात बायकांचा वाटा फार मोठा होता. 1869 मध्ये बोस्टनला मोजक्या स्त्रियांनी एक परदेशी मिशन संस्था काढली. सभासदत्वाची वर्गणी काय, तर आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. त्या दोन-दोन सेंटांवर इझाबेला थॉबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन 1870 च्या जानेवारीत भारतात आल्या. थॉबर्नबाईंनी लखनौच्या अमिनाबाद बाजारात मूठभर मुलींची शाळा सुरू केली, तिचेच पुढे कॉलेज झाले. डॉ. स्वेन यांना रामपूरच्या नवाबांनी बरेलीत जमीन दिली आणि तिथे स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले. मिशनऱ्यांच्या रुग्णालयाला मुसलमान नवाबाची जमीन, हाही आपल्या इतिहासाचाच भाग आहे.

मुंबईची कथा मात्र वेगळी आहे. इथे कोणत्याही मिशन बोर्डाने मेथॉडिस्ट काम सुरू केले नाही. 1813 पासून अमेरिकन मराठी मिशन इथे होते, नंतर स्कॉटिश मिशनही आले, त्यामुळे मुंबई 'त्यांचे क्षेत्र' मानली जाई. 1871 च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईत आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीसमोर प्रवचने केलेला, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका फिरून आलेला हा माणूस स्वतःची पुस्तके विकून पोट भरत असे. त्यांनी मुंबईत इंग्रजी जाणणाऱ्यांमध्ये सभा घेतल्या. रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करणारी अँग्लो-इंडियन कुटुंबे त्यात मोठ्या संख्येने होती, काही देशी लोकही होते. टेलरांनी देऊळ बांधण्याची घाई केली नाही. त्यांनी घराघरांत गट बसवले, ब्रिस्टलच्या त्या जुन्या क्लासच्या धर्तीवर. 1872 च्या सुरुवातीला याच लोकांनी त्यांना विनंती केली की आमची मेथॉडिस्ट मंडळी स्थापन करा. टेलरांची अट एकच होती. पाळकाचे पोट मंडळीने भरायचे, परदेशातून पगार मागायचा नाही.

या गटांना सांभाळणाऱ्यांत जॉर्ज बोवेन होते, आणि त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते 1848 मध्ये अमेरिकन मिशनचे मिशनरी म्हणून मुंबईत आले. देशी लोकांपेक्षा कितीतरी वरच्या थाटात राहून त्यांना सुवार्ता सांगणे त्यांच्या मनाला पटेना. लवकरच त्यांनी मिशनचा पगार सोडला, गरीब वस्तीत साध्या खोलीत राहायला गेले, शिकवण्या करून भागवू लागले. रस्त्यावर उभे राहून मराठीत बोलत. 'बॉम्बे गार्डियन' हे साप्ताहिक त्यांनी वर्षानुवर्षे चालवले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत आणि 1888 मध्ये मुंबईतच वारले. कुलाब्याच्या बोवेन मेमोरियल मंडळीला त्यांचेच नाव आहे. रविवारी तिथे येणाऱ्या किती जणांना हा माणूस ठाऊक असेल? आराखड्यातल्या तरुणांच्या शिबिरात त्यांच्यासाठी एक सत्र तरी असावे, असे मनापासून वाटते.

पुण्यालाही टेलरांच्या या लाटेची एक शाखा पोचली. 1873 मध्ये सर्वेक्षण खात्यात काम करणारा विल्यम ओल्डम नावाचा बंगळूरचा तरुण पुण्यातल्या मेथॉडिस्ट सभेत गेला आणि त्याचे आयुष्य बदलले. याच ओल्डमने 1885 मध्ये सिंगापूरला मेथॉडिस्ट काम सुरू केले. तिथे आज जी मोठी मंडळी आणि शाळा आहेत, त्यांचा एक धागा पुण्याच्या कँपापर्यंत येतो.

पण स्वावलंबनाचे हे तत्त्व मराठी खेड्यांत तितके टिकले नाही आणि त्याचे कारण सरळ आहे. रेल्वेतल्या गार्डला दरमहा पगार मिळे. गावकुसाबाहेरच्या ज्या माणसांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्याकडे जमीन नव्हती, बलुत्यावर गुजराण होती, आणि बाप्तिस्म्यानंतर कधी कधी तेही बंद होई. त्यांनी पाळकाला कशाने पोसायचे? मग बोर्डिंग शाळा, शिक्षक, दवाखाना, सगळे परदेशी मदतीवर चालू लागले. त्यातून शिकलेली एक पिढी तयार झाली, नर्सेस आणि शिक्षक घडले, हे ऋण मोठे आहे. त्याचबरोबर 'मिशन देईल' ही सवयही लागली. या सवयीबद्दल गरीब मंडळींना बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे शीख आणि बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलित मात्र आजही बाहेर आहेत. ज्यांना सरकारची दारे बंद होती, त्यांनी मिशनच्या दाराकडे पाहिले.

कारभार देशी हातांत येण्याची वाट मात्र स्वातंत्र्याआधीच सुरू झाली. जशवंत राव चितांबर हे या परंपरेतले पहिले भारतीय बिशप. 1930 च्या शेवटच्या दिवसांत ते निवडले गेले. त्याच वर्षी कुमाऊंच्या डोंगरात अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांनी साततालला ख्रिस्ती आश्रम उघडला. तिथे पाहुणे आणि यजमान दोघेही झाडलोट करत. 'नूतनीकरण' या शब्दाला देशी रूप देण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता.

मग आला ऐक्याचा प्रश्न. उत्तर भारतातल्या मंडळ्या एक करण्याच्या वाटाघाटी 1929 पासून चालल्या होत्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, पण अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट अगदी शेवटच्या काही महिन्यांत माघारी फिरले. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले सामील झाले. ही माघार अनेकांना दुखावून गेली. 7 जानेवारी 1981 रोजी मद्रासला 'मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया' ही स्वायत्त मंडळी उभी राहिली आणि आज तिचे मुख्यालय मुंबई सेंट्रलला आहे. अॅन्युअल कॉन्फरन्सला आता प्रादेशिक कॉन्फरन्स म्हणू लागले.

स्वायत्तता आली आणि परदेशी पैसा आटत गेला. परकीय देणग्यांवर 1976 मध्ये कायदा आला, 2010 मध्ये तो नव्याने झाला आणि 2020 च्या दुरुस्तीने आणखी कडक झाला. हातात उरल्या त्या जुन्या इमारती, शाळा आणि मोक्याच्या जागा. त्यांची डागडुजी, कागदपत्रे आणि कोर्टकज्जे यांतच किती समित्यांचे आयुष्य जाते! इकडे लोक हलले. खेड्यातली मुले नोकरीसाठी शहरात आली, शहरातली कुटुंबे स्वस्त घरासाठी उपनगरांपलीकडे गेली, आणि दगडी देवळे जिथल्या तिथे राहिली. रविवारी दोन गाड्या बदलून उपासनेला येणाऱ्या आजी आम्हा सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत.

म्हणून आजच्या आराखड्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो घरगुती गटांचा मुद्दा. नालासोपारा, बदलापूर किंवा चाकणला दहा-बारा घरांचा गट, त्याला एक जबाबदार माणूस, दर आठवड्याला एक भेट. आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, दहावीच्या मुलाची फी, शेजारच्या घरातल्या बाईची अडचण, हे त्या गटानेच पाहायचे. शेजारची बाई ख्रिस्ती असो वा नसो. तिथे समाजसेवेची वेगळी समिती लागणार नाही.

वेस्लींनी 1755 मध्ये देवाशी केलेल्या कराराच्या नूतनीकरणाची उपासना सुरू केली. आज ती बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाच्या आरंभी होते. मराठीत हा शब्द फार नेमका बसतो, कारण आपल्या बायबलचे दोन भागच जुना करार आणि नवा करार आहेत. त्या प्रार्थनेत माणूस देवाला सांगतो, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेला ठेव किंवा रिकामा ठेव.

आणि हंगामाच्या उपकारस्तुतीला जो लिलाव होतो, तो मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी. एक भोपळा कोणीतरी दोनशेला घेतो आणि लगेच परत वेदीवर ठेवतो. दुसरा तो दीडशेला घेतो, तोही परत ठेवतो. एका वर्षी तो भोपळा चार वेळा विकला गेला. शेवटी पाळकसाहेबांनी तो उचलून मागच्या बाकावर बसलेल्या एका विधवा बाईंच्या पिशवीत घातला, आणि खजिनदारांनी चारही रकमा वहीत एकाखाली एक लिहिल्या.