गाव रिकामं, मैदान भरलेलं: परदेशातल्या आयरिश गेलिक फुटबॉलची पार्श्वभूमी

दरवर्षी जुलैच्या अखेरीस डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजारांच्या घरात माणसं जमतात आणि आयर्लंडचा गेलिक फुटबॉलचा विजेता ठरतो. विजेत्या काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) कर्णधार जो चांदीचा चषक उंचावतो त्याचं नाव सॅम मॅग्वायर. लोक नुसतं ‘सॅम’ म्हणतात. यंदा सॅम कुणाच्या घरी गेला, एवढं विचारलं की पुरे. ज्याच्या नावाचा हा चषक आहे, त्या माणसाने खेळात नाव कमावलं ते मात्र लंडनमध्ये. कॉर्क काउंटीतल्या डनमॅनवेकडचा हा प्रोटेस्टंट शेतकरी घरातला मुलगा लंडनच्या टपाल खात्यात नोकरीला लागला, तिथल्या ‘हायबर्नियन्स’ संघातून खेळला आणि पुढे तिथल्या आयरिश खेळांचा कारभारी झाला. त्याच टपाल खात्यात आलेल्या, पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेल्या मायकल कॉलिन्स नावाच्या कॉर्कच्याच एका पोराला 1909 मध्ये त्याने गुप्त क्रांतिकारी संघटनेत ओढलं. कॉलिन्सही लंडनमध्ये ‘जेराल्डिन्स’ या आयरिश क्लबात खेळायचा आणि त्याचं चिटणीसपदही सांभाळायचा. मॅग्वायर 1927 मध्ये क्षयाने गेला, तोही कफल्लक अवस्थेत. मित्रांनी वर्गणी काढून चषक घडवला आणि 1928 मध्ये तो पहिल्यांदा किल्डेअरने जिंकला.

हर्लिंग हा गेलिक फुटबॉलचा भाऊबंद, काठीने खेळायचा. त्याचा राष्ट्रीय चषक लियम मॅकार्थीच्या नावाचा. हा तर जन्मलाच लंडनमध्ये, आयरिश आईबापांच्या पोटी. म्हणजे आयर्लंडच्या दोन सर्वांत मानाच्या चषकांवर लंडनकरांची नावं कोरलेली आहेत. परदेशातले आयरिश क्लब म्हणजे घरची आठवण आली म्हणून चार पोरांनी रविवारी चालवलेला उद्योग, असं वाटत असेल तर इथूनच सुरुवात करायला हवी.

खेळाची तोंडओळख थोडक्यात. पंधरा-पंधरा गडी, फुटबॉलपेक्षा बरंच मोठं मैदान, इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे खांब. चेंडू हाताने झेलता येतो, लाथाडता येतो, मुठीने सहकाऱ्याकडे ढकलता येतो. पण हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. तो टप्पा घ्यावा लागतो किंवा पायावरून उडवून परत हातात घ्यावा लागतो. आडव्या दांडीच्या वरून गेला की एक गुण, खालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन गुण. म्हणून धावफलक 2-11 असा लिहितात: दोन गोल, अकरा गुण, एकूण सतरा. 2025 पासून लांबून मारलेल्या फटक्याला दोन गुणही मिळू लागले आहेत.

या खेळाची खरी गोम नियमांत नाही, मालकीत आहे. 1 नोव्हेंबर 1884 ला टिपरेरी काउंटीतल्या थर्लस गावी, हेज हॉटेलात मूठभर माणसं बसली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘जीएए’, जन्माला आली. पुढाकार मायकल क्युसॅक या शिक्षकाचा, पहिला अध्यक्ष मॉरिस डेव्हिन. इंग्रजांच्या क्रिकेट-रग्बीपुढे देशी खेळ मरू नयेत हा हेतू. रचना पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, बेतलेली: एका पॅरिशचा एक क्लब, अनेक क्लबांची मिळून एक काउंटी. खेळाडू जिथे वाढला तिथून खेळतो. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही, पगार नाही. क्रोक पार्कवर अंतिम सामना गाजवणारा गडी सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला, गोठ्यात दूध काढायला किंवा वायरिंगच्या कामाला हजर. आजही.

जिथे खेळाडूची ओळखच गावाला बांधलेली, तिथे गाव सोडणाऱ्याचं काय? आणि आयर्लंडमध्ये गाव सोडणं अपवाद नव्हता, रीत होती. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले. दुष्काळ संपला तरी जहाजं भरतच राहिली.

जीएएला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. 1888 मध्ये संघटनेने पन्नासेक हर्लिंगपटू आणि मैदानी खेळाडू अमेरिकेला पाठवले. प्रात्यक्षिकं दाखवायची, पैसा जमवायचा आणि त्यातून आयर्लंडमध्ये प्राचीन क्रीडामहोत्सव पुन्हा भरवायचा, असा बेत. ‘अमेरिकन स्वारी’ असं भारदस्त नावही ठेवलं होतं. हवा खराब, तिकीटविक्री मंद, पैसा तर जमला नाहीच, वर कर्ज झालं. आणि गेलेल्यांतले बरेच जण परतलेच नाहीत. संघटनेच्या दृष्टीने फजिती. पण आयरिश खेळांचं पुढे काय होणार होतं याची झलक त्यात होती.

न्यूयॉर्कच्या क्लबांची 1914 मध्ये स्वतंत्र संघटना झाली. क्लबांची नावं आयर्लंडमधल्या काउंटींचीच: केरी, कॅव्हन, लीट्रिम, स्लायगो. गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्या आणि ‘अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशा पाट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. नवा आलेला पोरगा आधी गाववाल्यांकडे टेकायचा, त्यांच्याच ओळखीने बांधकामावर नाही तर बारमध्ये चिकटायचा, आणि रविवारी त्यांच्याच संघात उतरायचा. चेंडू बरा खेळणाऱ्याला काम लवकर मिळायचं.

या सगळ्यांचं मैदान ब्राँक्समध्ये, ब्रॉडवे आणि 240 व्या रस्त्यापाशी: गेलिक पार्क. 1920 च्या दशकात आयरिशांनीच ते उभं केलं. मंदीत मालकी हातची गेली, आणि 1941 पासून जॉन ‘केरी’ ओ’डोनेल या केरीच्या माणसाने ते भाड्याने चालवलं. मैदान, बार, नाचाचा हॉल, सगळं एकाच आवारात. पलीकडे भुयारी रेल्वेच्या गाड्यांचं यार्ड. ओ’डोनेल पुढे न्यूयॉर्कच्या आयरिश खेळांचा अनभिषिक्त राजा झाला आणि डब्लिनच्या पदाधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडत राहिला.

त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. दुष्काळातल्या सर्वांत भीषण वर्षाला, ‘काळ्या सत्तेचाळिसा’ला, 1947 मध्ये शंभर वर्षं होत होती. क्लेअर काउंटीचे धर्मगुरू कॅनन मायकल हॅमिल्टन यांनी जीएएपुढे प्रस्ताव मांडला की यंदाचा अंतिम सामना न्यूयॉर्कमध्ये खेळवावा. लोकांनी वेड्यात काढलं. तरी प्रस्ताव पास झाला. 14 सप्टेंबर 1947, पोलो ग्राउंड्स. मैदान बेसबॉलचं, त्यामुळे गेलिक फुटबॉलला अपुरं, आणि चेंडूफेक्याचा उंचवटाही तसाच राहिलेला. उन्हाने अंगाची लाही होत होती. चेंडू टाकला न्यूयॉर्कचे महापौर विल्यम ओ’ड्वायर यांनी. हे स्वतः मेयो काउंटीतल्या बोहोला गावचे. सुमारे पस्तीस हजार प्रेक्षक. सुरुवातीला केरी पुढे होती, शेवटी कॅव्हनने 2-11 विरुद्ध 2-7 ने सामना मारला. अटलांटिकपलीकडे खेडोपाडी लोक रेडिओभोवती बसलेले. समालोचक मीहॉल ओ’हेअर यांच्या लक्षात आलं की सामना लांबला आहे आणि भाड्याने घेतलेली रेडिओची लाइन कुठल्याही क्षणी तुटेल. त्यांनी थेट प्रक्षेपणातच, वाटेत कुणी तंत्रज्ञ ऐकत असेल तर, आणखी पाच मिनिटं द्या म्हणून विनवणी केली. लाइन चालू राहिली. शेवटची मिनिटं ऐकायला मिळाली नसती, तर कॅव्हनमध्ये त्या रात्री काय झालं असतं कोण जाणे.

पुढची वीसेक वर्षं न्यूयॉर्कची भरभराटीची. आयर्लंडमध्ये पन्नासच्या दशकात कामधंदा नव्हता, उत्तमातले उत्तम खेळाडू बोटीत बसत होते. परिणाम मैदानावर दिसला: न्यूयॉर्कने आयर्लंडची राष्ट्रीय लीग 1950, 1964 आणि 1967 अशी तीनदा जिंकली. पाहुण्या संघाने घरमालकालाच हरवावं असा प्रकार. पण पाहुणे तरी कसले, त्याच गावांतली पोरं ती.

मग ओघ आटला. त्याचं कारण क्रीडाक्षेत्राबाहेरचं. 1965 च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने जुनी राष्ट्रनिहाय कोट्यांची पद्धत मोडली, कुटुंब आणि कौशल्य हे निकष आले. साध्या आयरिश मजुराला ग्रीन कार्ड मिळणं कठीण झालं. ऐंशीच्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारी पुन्हा वाढली तेव्हा पोरं आली, पण पर्यटक म्हणून येऊन बेकायदा राहिली. गेलिक पार्कवर खेळणारा गडी घरी भावाच्या लग्नालाही जाऊ शकत नव्हता, कारण परत येताना विमानतळावर अडकला असता. पुढे डोनेली आणि मॉरिसन यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या व्हिसांनी हजारोंची सोडवणूक केली, सगळ्यांची नाही.

याच काळात ‘वीकएंडर’ ही जात पैदा झाली. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागोमधल्या क्लबांच्या अंतिम सामन्यांसाठी आयर्लंडमधले नामवंत खेळाडू शुक्रवारी विमानाने यायचे, रविवारी खेळायचे आणि परत. तिकिटाचा खर्च कोण करायचा, हातावर काय पडायचं, यावर उघडपणे कुणी बोलत नसे. हौशीपणाचं व्रत घेतलेल्या संघटनेत ही गोष्ट सर्वांना माहीत होती आणि अधिकृतपणे कुणालाच माहीत नव्हती. पुढे परवानगीचे नियम कडक झाले, आणि 2001 नंतर अमेरिकेत शिरणंच अवघड झालं. माझं मत विचाराल तर वीकएंडरांनी क्लबांचं भलं कमी आणि नुकसान जास्त केलं. ज्या पैशात पोरांसाठी प्रशिक्षक ठेवता आला असता तो विमान कंपन्यांना गेला.

लंडनची गोष्ट जवळच्या अंतरामुळे वेगळी. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत लंडनला थेट अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात प्रवेश असायचा. फुटबॉलमध्ये ते हरत राहिले, पण हर्लिंगमध्ये 1901 चं विजेतेपद त्यांनी कॉर्कला हरवून खरंच पटकावलं. 1975 पासून लंडनला कनॉट प्रांताच्या फुटबॉल स्पर्धेत जागा मिळाली. 1977 मध्ये एक विजय, आणि त्यानंतर छत्तीस वर्षं एकही नाही. सामने लंडनच्या रायस्लिप उपनगरात, बऱ्याचदा पाहुणा संघ एक सहल म्हणून यायचा.

2008 मध्ये आयर्लंडची बँकांवर आणि बांधकामावर उभी असलेली अर्थव्यवस्था कोसळली. पश्चिमेकडच्या क्लबांना पंधरा गडी जमेनात. शेजारच्या पॅरिशबरोबर, जिच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर, एकत्र संघ करायची वेळ आली. गेलेले पोरगे कुठे होते? सिडनीत, पर्थला, टोरंटोत, दुबईत. आणि लंडनमध्ये. 2013 मध्ये लंडनने स्लायगोला हरवलं, मग लीट्रिमला, आणि पहिल्यांदाच कनॉटच्या अंतिम सामन्यात पोचलं. तिथे मेयोने त्यांना झोडपलं. लंडनच्या ड्रेसिंग रूममधल्या आनंदाचा आणि आयर्लंडमधल्या ओस पडलेल्या मैदानांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

आशिया आणि युरोपात चित्र निराळं. तिथे जाणारे आयरिश मजूर नव्हते. शिक्षक, अभियंते, बँकवाले होते. पहिले आशियाई गेलिक खेळ 1996 मध्ये मनिलात झाले. पंधरा गडी मिळत नाहीत, मैदान तेवढं मोठं नसतं, म्हणून नऊ-नऊ किंवा सात-सात जणांचे संघ; आणि शहरं एकमेकांपासून इतकी लांब की लीग चालवणं अशक्य, म्हणून सगळ्यांनी एका शहरात जमून शनिवारी दिवसभर सामने खेळायचे. स्त्रियांचे संघ इथे सुरुवातीपासून पुरुषांच्या बरोबरीने दिसतात. आयर्लंडमध्ये त्यांची संघटना 1974 मध्ये, त्याच थर्लसच्या हॉटेलात, स्थापन व्हावी लागली होती. फ्रान्समधल्या ब्रिटनीत आणि स्पेनच्या गॅलिसियात तर अशा क्लबांत आयरिश माणूस शोधावा लागतो. आपणही आयरिशांसारखेच केल्टिक परंपरेतले, या भावनेने स्थानिकांनी खेळ उचलला. 2015 मध्ये अबुधाबीत जागतिक गेलिक खेळ सुरू झाले; पुढे त्यांत आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांचे आणि स्थानिकांचे गट वेगवेगळे ठेवावे लागले.

न्यूयॉर्कही 1999 पासून कनॉटच्या स्पर्धेत आहे. पहिला सामना दरवर्षी गेलिक पार्कवरच, कारण व्हिसाच्या अडचणी. दरवर्षी आयर्लंडहून एक काउंटी यायची, जिंकायची, मॅनहॅटन पाहायची आणि परतायची. 2016 मध्ये रॉसकॉमनची फक्त एका गुणाने सुटका झाली. 8 एप्रिल 2023 ला सामना बरोबरीत सुटला, पेनल्टींवर गेला, आणि न्यूयॉर्क जिंकलं. चोवीस वर्षांतला पहिला विजय. प्रेक्षक मैदानात घुसले.

हरलेली काउंटी लीट्रिम होती. लंडनने 1977 मध्ये हरवलेली तीच आणि 2013 मध्ये अंतिम फेरीच्या वाटेवर हरवलेलीही तीच. 1841 च्या जनगणनेत लीट्रिमची वस्ती दीड लाखाच्या वर होती. 2022 च्या जनगणनेत ती 35 हजारांच्या आसपास आहे.