राजस्थानातील समुद्राला न मिळणाऱ्या नद्या

अरवलीच्या पश्चिम व उत्तर उतारावरून निघणाऱ्या बऱ्याच नद्या समुद्र गाठत नाहीत. काही वाळूत जिरतात, काही खाऱ्या सरोवरांत संपतात. भूगोलात याला अंतर्गत जलनिस्सारण म्हणतात. पाऊस तुटपुंजा, बाष्पीभवन जबर आणि पात्राखाली सच्छिद्र वाळू, त्यामुळे पाणी फार लांब जात नाही. बहुतेक नद्या पावसाळ्यातले थोडे दिवस वाहतात. एरवी त्यांच्या पात्रातून गाड्या-जनावरांची ये-जा चालते.

सीकर जिल्ह्यात खंडेल्याच्या टेकड्यांत उगम पावणारी कांतली झुंझुनूतून उत्तरेला जाते व चूरूच्या हद्दीजवळ लुप्त होते. जैसलमेरची काकनी याहून आखूड. चांगला पाऊस झाला तर तिचे पाणी बुझ तलावात साठते. शिवालिकात उगम पावणारी घग्गर पंजाब-हरियाणातून हनुमानगढकडे येते. तिच्या रुंद, कोरड्या पात्राला तिथले लोक ‘नाली’ म्हणतात. याच पात्राच्या काठी कालीबंगा येथे हडप्पापूर्व काळातील नांगरलेले शेत सापडले. त्यातले तास, म्हणजे नांगराचे चर, आडवे-उभे आहेत, एका दिशेने जवळजवळ, दुसऱ्या दिशेने लांबलांब. एका शेतात दोन पिके घेण्याची ही रीत त्या भागात आजही आहे.

मेंढा, रूपनगढ या नद्या सांभर सरोवराला मिळतात. पाण्याबरोबर आलेल्या क्षारांना बाहेर पडायला वाट नाही. पाणी उडून जाते, मीठ मागे उरते. तिथला मिठाचा धंदा याच कोंडीवर उभा आहे. लोणार सरोवराच्या खारेपणामागेही, आकाराने लहान असले तरी, बंद खोरे व बाष्पीभवन हेच गणित आहे. सांभरला 1990 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला.

लूणीला या यादीत घालावे का, यावर वाद घालता येईल. ती अजमेरजवळ उगम पावून सुमारे 495 किमी. वाहते आणि कच्छच्या रणातील दलदलीत विरते; रण समुद्राला लागून असले तरी तिला धड मुख नाही. बालोतऱ्यापर्यंत तिचे पाणी गोडे, पुढे खारे.

अशा प्रदेशात पूर आला की निचरा होत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास परिसर बुडाला. जमिनीखाली जिप्समचा थर असल्याने पाणी मुरेना आणि उताराअभावी वाहून जाईना. ते कित्येक महिने तुंबून राहिले. जैसलमेरकडच्या पालीवाल ब्राह्मणांनी मात्र असे थांबलेले पाणी मुद्दाम वापरले. उताराच्या तळाशी मातीचा बांध घालून ते पावसाचे पाणी अडवत आणि ते मुरल्यावर त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. या शेतांना खडीन म्हणतात.