पियानोच्या पट्टीत न बसणारे गाँग

फिलिपिन्सच्या दक्षिणेला, मिंडानाओ बेटावर, मागिंदानाओ आणि मरानाओ लोकांकडे कुलिनतांग नावाचं वाद्य असतं. लाकडी चौकटीवर ओळीनं मांडलेले आठ छोटे गाँग, प्रत्येकाच्या मधोमध उंचवटा, त्यावर दांड्यांनी आघात करायचा. सोबतीला टांगलेले मोठे आगुंग आणि दबाकान हा ढोल. दोन घरांतले दोन संच एकाच सुरात लागलेले असतील असं मात्र नाही, कारण ठरलेली पट्टीच नसते. पेटीच्या सुरांवरून आपल्याकडे किती रणं माजली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ठरलेल्या सुरांच्या पाश्चात्त्य वाद्यांसोबत हे गाँग वाजवण्यातली अडचण लगेच कळेल.

फिलिपिनो संगीतकार लुक्रेसिया कासिलाग (1918–2008) यांनी 1959 मध्ये हे गाँग पाश्चात्त्य सुषिरवाद्यांच्या शेजारी मांडले. या रचनेचं नाव ‘टोकाटा’. तिचं महत्त्व कळायला थोडं मागं जावं लागतं.

स्पॅनिश अंमल 1565 पासून 1898 पर्यंत चालला. चर्चमधलं गायन, गिटार, बँड हे सगळं मनिलाच्या आसपास इतकं मुरलं की तेच ‘आपलं’ झालं. मनिलाजवळच्या लास पिन्यासच्या चर्चमधला ऑर्गन 1824 मध्ये पूर्ण झाला. त्याच्या 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या आहेत. साहित्य इथलं, सूर युरोपचे. मला तर मिश्रणाचा पहिला मोठा प्रयोग हाच वाटतो. गाँग टिकले ते स्पेनचा हात नीट पोचला नाही तिथं: उत्तरेत कोर्दियेराच्या डोंगरांत आणि दक्षिणेच्या मुस्लिम मुलखात.

पुढं अमेरिकन आले, 1916 मध्ये फिलिपिन्स विद्यापीठात संगीताचं कॉन्झर्व्हेटरी निघालं. निकानोर आबेलार्दो, फ्रान्सिस्को सांतियागो यांनी ‘कुंदिमान’ या प्रेमगीताला पियानोच्या साथीनं मैफलीत आणून बसवलं. देशी वळण आलं खरं, पण गाँगना तिथं जागा नव्हती. म्हणजे शहरात शिकलेल्या संगीतकाराला स्वतःच्याच देशातलं कुलिनतांग परकं होतं. कासिलागही याला अपवाद नव्हत्या. शिक्षण फिलिपीन विमेन्स युनिव्हर्सिटीत, मग अमेरिकेत रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये. पाश्चात्त्य संगीत त्यांना आधी आलं. गाँग नंतर, जाऊन शिकावे लागले.

ही संधी त्यांच्याच विद्यापीठातून उभ्या राहिलेल्या ‘बायानिहान’ नृत्यपथकानं दिली. गावोगावचे नाच, वाद्यं, चाली गोळा करायच्या आणि रंगमंचावर आणायच्या, असं ते काम. कासिलाग पथकाच्या संगीताची बाजू सांभाळत. 1958 च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात पथक गाजलं आणि पुढच्याच वर्षी ‘टोकाटा’ आली. युरोपात टोकाटा म्हणजे बोटांच्या चपळाईचा खेळ. कुलिनतांगची जानही ठेक्यांच्या गुंफणीत आहे. सूर जुळले नाहीत तरी लयीच्या अंगानं दोघांना बोलता येतं.

1969 मध्ये मनिलाचं सांस्कृतिक केंद्र उघडलं तेव्हा त्यांचीच ‘दुलारावान’ ही रचना रंगमंचावर होती. पुढं त्या केंद्राच्या अध्यक्षही झाल्या. राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्या राजवटीला देशी वैभवाचा देखावा हवाच होता. 1989 मध्ये त्या ‘राष्ट्रीय कलाकार’ ठरल्या, हा देशातला कलावंतांचा सर्वोच्च सन्मान.

त्यांच्याहून वर्षभरानं मोठे संगीतकार होसे मासेदा यांनी वाट वेगळी धरली. पॅरिसमध्ये पियानो शिकलेल्या या माणसाला सूर जुळवण्यात रस उरला नाही. गाँग आणि बांबूंचा नुसता नादच त्यांनी भव्य करून मांडला. 1 जानेवारी 1974 ला त्यांच्या ‘उगनायान’चे वीस भाग मनिलाच्या वीस रेडिओ केंद्रांवरून एकाच वेळी वाजले, लोकांनी रेडिओ घेऊन बाहेर पडायचं आणि शहरालाच वाद्यवृंद करायचं, अशी ती कल्पना.

मासेदांशेजारी कासिलाग सौम्य वाटतात. गावातलं कुलिनतांग लग्नाकार्यात घटकाघटका चालतं, मनिलात त्याचा काही मिनिटांचा झगमगीत तुकडा होतो, हा आक्षेप बायानिहानवर घेतला गेला आणि तो खोटा नाही. ‘टोकाटा’ला मात्र तो लावू नये. तिथले गाँग काढून घेतले तर उरलेल्या वाद्यांना बोलायला कुणी राहत नाही.